खालून कापलेला मजकूर

आत्याचा फोन आला की माझं काम सोपं असतं. पहिलं वाक्य ऐकायचं आणि फोन ठेवायचा, कारण आत्या सगळं पहिल्या वाक्यातच सांगून टाकते. बाबा जिन्यावरून घसरले होते तेव्हा तिचा फोन असा होता : "तुझा बाप पडला, उजवा पाय मोडला, दवाखान्यात आहे, शुद्धीवर आहे, माझ्यावर ओरडतोय." आता यापुढे कोण काय विचारणार? जन्मभर वर्तमानपत्रात बातम्या लिहिल्या की माणसाचं असं होतं. घरातल्या आम्हा सगळ्यांनाही तिचं पुढचं बोलणं ऐकायची सवय राहिली नव्हती.

त्या दिवशीचा फोनही तसाच. "जुन्या कागदांच्या ऑफिसने माझे कागद मागितलेत, बुधवारी न्यायचेत, गाडी तुझी, हमाली तुझी."

जुन्या कागदांचं ऑफिस म्हणजे अभिलेखागार. तिथे काही माणसांची कागदपत्रं पेट्यांत भरून, वर नाव लावून, थंड खोलीत कायमची जपून ठेवतात. आत्याच्या संपादकांची कागदपत्रं त्यांच्या मृत्यूनंतर तिथे गेली होती. एक अख्खं कपाट भरलं होतं त्यांनी. त्या कपाटाच्या उद्घाटनाला आत्याला बोलावलं होतं. घरी परत आली ती तोंड पाडूनच. तिला विचारलं, काय झालं? तर म्हणाली, "मला एक पेटी हवी. एकच. त्या खडूसाच्या कपाटासमोर."

संपादकांना ती कायम खडूसच म्हणायची. त्यांच्या तोंडावर नाही, पण त्यांनाही ठाऊक असावं.

तिचं म्हणणं मला पटायचं. आत्याने शहराची बातमीदारी केली, तीही ज्या काळात त्या ऑफिसात बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृहसुद्धा नव्हतं. ती समोरच्या शिंप्याच्या दुकानात जायची आणि शिंप्याकडून बातम्याही घेऊन यायची. पाणीपुरवठा, पूल, आगी, चोऱ्या, शाळांचे निकाल, महापौरांचे घसे बसणे, सगळं तिने लिहिलं. पण त्या पेपरात बातमीदाराचं नाव छापायची पद्धत नव्हती. वर फक्त 'आमच्या प्रतिनिधीकडून'. आत्याचं स्वतःचं नाव पेपरात एकदाच छापून आलं, तेही रक्तदात्यांच्या यादीत आणि आडनावाची वाट लावून. तेव्हा एका पेटीवर आपलं नाव नीट लिहिलेलं असावं, एवढी तिची इच्छा होती. ऐंशी ओलांडलेल्या बाईने याहून कमी काय मागायचं?

बुधवारी सकाळी मी तिच्या घरी पोचले. आधी पलंगाखाली, माळ्यावर, खिडकीच्या कट्ट्यावर, जिथे बघाल तिथे कागद असायचे. पाहुण्याला बसायला जागा करायची तर आधी एखादी दंगल आणि दोन निवडणुका उचलून बाजूला ठेवाव्या लागत. आणि त्या दिवशी बघते तर खोली लख्ख! मधोमध टेबल, त्यावर निळ्या कापडी पाठीच्या सात-आठ फायली, वर्षवार लावलेल्या.

"आत्या, बाकीचं कुठंय?"

"बाकीचं म्हणजे?"

"तुझ्या वह्या, कच्चे मसुदे, टाइप केलेल्या प्रती..."

"रद्दीवाल्याला दिलं. सोमवारी. त्याला दोन फेऱ्या मारायला लागल्या." तिच्या चेहऱ्यावर केवढं समाधान! "कोणी आपले कागद बघायला मागतं, तर त्यांच्यापुढे घाण ठेवायची का? कच्चा माल ऑफिसातही कुणाला दाखवायचा नसतो. छापलं तेवढं आपलं, न छापलेलं टोपलीतलं."

फायलींत छापून आलेल्या बातम्यांची कात्रणं होती. एकूण एक, सरळ कापलेली, खळीने चिकटवलेली, कोपऱ्यात तारीख. मी कौतुक केलं, अगदी मनापासून केलं. काही खटकलं नाही मला. मी हिशेब तपासते, मला नीटनेटकी फाईल दिसली की बरं वाटतं.

अभिलेखागारातल्या संग्रहपाल बाई पस्तिशीच्या असतील. सुती हातमोजे, नाकावर चष्मा, बोलणं इतकं हळू की आपणही आपोआप कुजबुजायला लागतो. त्यांनी एक फाईल उघडली, दुसरी उघडली, तिसरी उघडली. तिसऱ्या फाईलपर्यंत त्यांचा चेहरा असा झाला की मी पाणी मागितलं.

"ताई, फार सुंदर ठेवलंय हो," त्या म्हणाल्या. "पण हे सगळं आमच्याकडे आहे."

"असणारच नाही," आत्या म्हणाली. "मी एकटीने कापलंय."

"पेपरचे सगळे अंक आहेत ना आमच्याकडे, पहिल्यापासून, बांधून ठेवलेले. छापून आलेलं आम्ही पुन्हा घेत नाही. आम्हाला हवं असतं ते न छापलेलं. वह्या, मसुदे, खाडाखोड केलेले कागद. ते आहेत ना घरी?"

आत्याने माझ्याकडे बघितलं आणि मी छताकडे. पंखा व्यवस्थित फिरत होता.

"होते," शेवटी मीच म्हणाले. "सोमवारपर्यंत होते."

हसू येतंय ना? मलाही आता येतं. तेव्हा मात्र मला रडू फुटायचं बाकी होतं. आत्या खुर्चीत ताठ बसून राहिली आणि तिने फायली एकेक करून बंद केल्या. तिच्या ऑफिसातली शिस्त तिने मरेस्तोवर पाळायची ठरवली होती, आणि त्या शिस्तीनेच तिच्या पेटीवर पाणी फिरवलं होतं.

संग्रहपाल बाई स्वभावाने भल्या. कुणाला हात हलवत परत पाठवणं त्यांच्याने होईना. "आम्ही काय ठेवतो ते तुम्हाला दाखवते," असं म्हणून त्या आत गेल्या आणि एक करडी पेटी घेऊन आल्या. संपादकांचीच. "यात एक फार मोलाची गोष्ट सापडली आम्हाला. साहेबांचं अप्रकाशित लेखन. बाहेरून लोक खास वाचायला येतात. इतका कडक माणूस आणि आतून किती हळवा होता बघा."

"हळवा?" आत्या म्हणाली. "तो?"

पारदर्शक पाकिटांत टाइप केलेले कागद होते. प्रत्येकावर लाल पेन्सिलीची एक आडवी रेघ, आणि रेघेखालच्या मजकुरावर मोठी फुली. बाईंनी पहिलं पाकीट आत्यापुढे सरकवलं. रेघेच्या वर नव्या पुलाच्या उद्घाटनाची बातमी होती : कोण आलं, कोणी फीत कापली, पूल किती लांब. आणि रेघेच्या खाली हे :

'पूल खुला झाल्यावर नावाड्याने आपली नाव किनाऱ्याला बांधली आणि तो सर्वांत आधी पायी पलीकडे गेला. पोचल्यावर त्याने, मला किती वेळ लागला, असे विचारले. कोणीही घड्याळ पाहिले नव्हते. तेव्हा तो परत मागे गेला व पुन्हा चालत आला.'

आत्याने ते वाचलं. मग दुसरं पाकीट ओढलं, मग तिसरं. नंतर तिने चष्मा कपाळावर चढवला आणि त्या कुजबुजत्या खोलीत खणखणीत आवाजात म्हणाली, "हे माझं आहे."

लांबच्या टेबलावर वाचत बसलेल्या एका गृहस्थांच्या हातून पेन्सिल पडली.

"म्हणजे तुम्हाला आठवतंय, असं म्हणायचंय का ताई?"

"आठवायला कशाला हवं? मी लिहिलंय! त्या नावाड्याला मी विचारलं होतं, दोनदा का चाललास? आता हे काय चाललंय? त्या खडूसाला नावाडी म्हणजे काय हे तरी माहीत होतं का? तो खुर्चीतून उठायचा तो फक्त दाढदुखीला!"

मग तिने बाईंना बातमी कशी चालते ते सांगितलं. बातमीत मोलाचं ते वर लिहायचं, कमी मोलाचं खाली. ऐन वेळी जाहिरात आली की जागा कमी पडते, मग संपादक खालून कापतो. वरचं शाबूत राहतं आणि वाचणाऱ्याला कळतही नाही. आत्याला जे सांगावंसं वाटायचं ते नियमाप्रमाणे खालीच जायचं, आणि जाहिरात रोज यायची.

"मी विचारायचे, खालचं काय केलंत? तो म्हणायचा, टोपलीत. वर्षानुवर्षं हेच. शेवटी शेवटी मी विचारायचंच सोडलं."

संग्रहपाल बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा विश्वास बसला होता, हे दिसत होतं. पण विश्वास बसून त्यांचं भागणार नव्हतं. "ताई, कागदांवर नाव नाही. टाइप केलेले आहेत, त्यामुळे अक्षरावरून कळत नाही. लाल पेन्सिल साहेबांची आहे आणि ते त्यांच्या कपाटात मिळालेत. तुमच्याकडे याच्या प्रती असत्या तर मी आत्ताच्या आत्ता नोंद बदलली असती."

प्रती होत्या. सोमवारी दोन फेऱ्यांत गेल्या होत्या.

आत्या उठली. "चल," मला म्हणाली. "उगाच आलो." मी तिला कधी दमलेलं पाहिलं नव्हतं. आगीच्या बातम्या करून यायची तेव्हा धुराचा वास यायचा तिला, पण दमलेली नसायची. आता ती दाराकडे निघाली तर पाय ओढत, आणि निळ्या फायली टेबलावरच विसरली. माझं डोकं फिरलं. त्या मेलेल्या संपादकाचा, त्या रेघेचा, त्या फुलीचा असा राग आला मला की मी पुलाचं पाकीट उचललं आणि उलटं करून टेबलावर आपटलं.

"अहो, आपटू नका!" बाई कुजबुजत ओरडल्या.

मागच्या बाजूला गणितं होती. पेन्सिलीने केलेली, खोडलेली, परत केलेली. एक पाण्याची टाकी, तिला दोन नळ, एक भरणारा आणि एक रिकामी करणारा. उत्तर : टाकी कधीच भरणार नाही. त्यावर शिक्षकांचं लाल, भोपळ्याएवढं प्रश्नचिन्ह. कोपऱ्यात गुण, पंचवीसपैकी चार. आणि वर नाव, आडनाव, इयत्ता, तुकडी.

नाव माझं होतं.

मी हसायला लागले. त्या खोलीत हसायला बंदी असल्याची पाटी आहे की नाही कुणास ठाऊक, पण मला आवरेचना. मघाच्या गृहस्थांनी या वेळी स्वतःच पेन्सिल खाली ठेवली.

झालं होतं असं. तेव्हा आत्या आमच्याच घरात राहायची आणि तिच्या ऑफिसात कागदाची कमालीची टंचाई होती. त्यामुळे घरात एका बाजूने कोरा कागद दिसला रे दिसला की आत्याने तो उचललाच. विजेच्या बिलाची पाठ, लग्नपत्रिकांच्या आतल्या कोऱ्या बाजू, आणि माझे चाचणीचे पेपर. बाबांची सही व्हायच्या आत ते तिच्या टाइपरायटरवर चढायचे. शाळेत बाई विचारायच्या, सही केलेला पेपर कुठे आहे? मी खरं तेच सांगायचे : वर्तमानपत्राच्या ऑफिसात. सगळा वर्ग हसायचा आणि मला बाकावर उभं केलं जायचं.

"आत्या, ये इकडे!" मी ओरडले. "माझा पेपर सापडला!"

आत्या परत आली. तिने टाकी बघितली, नळ बघितले, गुण बघितले. "चार?" ती म्हणाली. "मला तर तू चौदा सांगितले होतेस."

"आत्या, विषय काय चाललाय!"

संग्रहपाल बाईंनी धावत जाऊन नोंदींचं रजिस्टर आणलं. त्या कागदापुढे त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं : 'मागील बाजूस शालेय गणित, असंबंधित.'

"असंबंधित!" मी पर्समधून ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. लग्नानंतर नाव बदलायचा मी कंटाळा केला होता, त्या आळसाचा एवढा उपयोग कधी झाला नव्हता. तेच नाव, तेच आडनाव, आणि आत्याचंही आडनाव तेच. बाईंनी ओळखपत्र पाहिलं, पेपर पाहिला, मला पाहिलं. मग एकेक पाकीट त्यांनी स्वतःच उलटायला घेतलं. माझी अख्खी शाळा बाहेर आली. भागाकार, लसावि, भूगोलाचा एक पेपर ज्यात मी नदी समुद्रातून डोंगरावर नेली होती. मधेच आमच्या घराच्या पत्त्याचं विजेचं बिल. आत्याच्या निळ्या फायलीतून पुलाचं कात्रण काढलं आणि टाइप केलेल्या कागदाशेजारी ठेवलं, तर कात्रण बरोब्बर लाल रेघेपाशी संपत होतं.

"मी आयुष्यात इतकी खात्रीची नोंद केली नसेल," बाई म्हणाल्या. आता त्या कुजबुजत नव्हत्या.

त्यांनी जुनी ओळ खोडून तिथे आत्याचं नाव लिहिलं आणि अक्षर न् अक्षर तिला विचारून घेतलं. आत्या त्यांच्या खांद्यावरून बघत उभी होती. आडनाव शाबूत उतरलं तशी तिने मान डोलावली.

"हे सगळं कशात होतं?" तिने विचारलं.

बाईंनी पेटीच्या तळातून एक जाड पुठ्ठ्याचं कव्हर काढलं. त्यावर लाल पेन्सिलीत, मोठ्या अक्षरांत : 'जागा मिळाली की घेऊ.'

आत्याने ते हातात घेतलं. त्या अक्षरांवरून तिने बोट फिरवलं. मग म्हणाली, "खडूस मेला. सांगायला काय झालं होतं?" आणि लगेच, "सांगितलं असतं तर मी रोज मागितलं असतं, म्हणून नाही सांगितलं." तिला त्याचा राग आला होता आणि त्याची आठवणही आली होती. त्यातलं कुठलं जास्त, ते तिलाही ठरवता येत नसावं.

पण पेटीचा प्रश्न तसाच होता. बाईंनी जरा बिचकतच सांगितलं की त्यांच्या कामाचा एक नियम आहे : कागद ज्याच्याकडून आले, त्याच्याच पेटीत राहतात. नोंद बदलली, नाव लागलं, पण कागद संपादकांच्या कपाटातून हलणार नाहीत.

"म्हणजे माझी पेटी रिकामीच?" आत्या म्हणाली.

"पेटी देते की मी," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी खरंच एक नवी करडी पेटी आणून समोर ठेवली. वर कोरी चिठ्ठी, तिच्यावर त्यांनी आमच्यासमोर आत्याचं नाव लिहिलं. "पुढे काय झालं, मागे काय होतं, छापलं नाही ते काय होतं, तेच आम्हाला हवंय. रद्दीत गेलं ते गेलं. तुम्ही आता लिहा."

आत्याने पेटीचं झाकण उघडून आत पाहिलं. तिच्या डोळ्यांत एकदम ऑफिसातली चमक आली. "केव्हापर्यंत हवं?"

"घाई नाही, ताई."

"घाई नाही म्हणजे? तारीख सांगा. तारखेशिवाय मी आजवर एक ओळ लिहिलेली नाही."

"बरं... पुढच्या महिन्याच्या अखेरीस?"

"लांब होते. पंधरा तारीख घ्या. आणि किती लिहू?"

"तुम्हाला हवं तेवढं."

"तसं कसं चालेल? जागा किती आहे ते सांगा."

बाईंनी आतल्या खोलीचं दार उघडलं. संपादकांच्या कपाटासमोर लोखंडी फळ्यांचं एक कपाट होतं, पूर्ण रिकामं. "ही पेटी भरली की दुसरी देईन," त्या म्हणाल्या. "ती भरली की तिसरी."

"आणि मधेच जाहिरात आली तर?"

"आमच्याकडे जाहिराती येत नाहीत, ताई."

आत्याने चष्मा काढला. रुमाल शोधला, सापडला नाही, मी माझा दिला. ती रडली आणि मीही रडले, आणि बाई हातमोजे घालून उभ्या असल्यामुळे त्यांना डोळेही पुसता येईनात. तिघी जणी अशा रडताना बघून ते गृहस्थ शेवटी सामान आवरून निघून गेले.

परतताना पेटी आत्याच्या मांडीवर होती. मागे ठेव म्हटलं तर ऐकेना. पहिल्याच सिग्नलला ती म्हणाली, "पोस्टाला आग लागली होती, ती बातमी आधी लिहिते."

"बरं," मी म्हणाले आणि वाट बघितली, किती नुकसान, किती बंब, कोणी वाचलं की नाही.

"पोस्टमास्तरला त्या दिवशी सर्दी झाली होती," आत्या म्हणाली. "आणि त्याच्या बायकोने त्याला नवीन मफलर विणून दिला होता, भयंकर रंगाचा."

सिग्नल हिरवा झाला. घर उजवीकडे होतं. मी गाडी डावीकडे, लांबच्या रस्त्याला वळवली.